आक्कांच्या घंटीतले सेल

बंद पडलेलं यंत्र घेऊन येणारा माणूस आधी खोटं बोलतो. "काल तर चालत होतं हो ताई." काल! आत पांढरं पीठ साठलंय, स्प्रिंग हिरवी पडून तुटलीय, झाकण पकडीनं ओढून काढावं लागतंय, आणि म्हणे काल चालत होतं. शेवटचं कधी लावलं होतं ते खरं सांगा म्हटलं की मग खाली बघतात. लॉकडाउनमध्ये लावलं होतं. धाकटीच्या लग्नात. सासरे होते तेव्हा. मग एवढे दिवस सेल आतच? हो, काढायचे असतात का?

काढायचे असतात. रहाटणीतल्या माझ्या काउंटरवर हे एक वाक्य मी इतक्या वेळा बोलले की शेवटी माझा मलाच वीट आला. आता काउंटर बंद केलाय. गुडघे दुखतात आणि सोल्डरचा बारीक डाग डोळ्यांना दिसत नाही. दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा, गमतीदार गिऱ्हाइकांचे किस्से सांगा, असं अंकवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं. होती की गमतीदार गिऱ्हाइकं. पण मला आठवतं ते वेगळंच, त्याला मी तरी काय करू?

मूळची मी कारखान्यातली. वडील पिंपरीत कंपनीत होते, आणि मी भोसरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या युनिटमध्ये सोल्डरिंगच्या लाइनवर लागले. घरी वापरायची बीपीची यंत्रं, थर्मामीटर असलं काय काय बनायचं तिथं. बायकांची बोटं बारीक चालतात म्हणून लाइन सगळी बायकांची. पाहुणे आले की साहेब आम्हाला कौतुकानं दाखवायचे. मग कंपनी चाकणला गेली. नवी शेड, नवी मशिनं, आणि आम्हाला काय सांगितलं, तर कंपनीची बस तुमच्या बाजूला येणार नाही. सरळ नको म्हणाले असते तर निदान शिव्या तरी मनापासून देता आल्या असत्या. त्यानंतर मी सलीमभाईंच्या घड्याळाच्या दुकानात अर्धा काउंटर घेतला. ते घड्याळं बघायचे आणि सेलवर चालणारं बाकी सगळं माझ्याकडे यायचं.

आता सेल गळतो म्हणजे काय होतं ते सांगते. सेल म्हणजे पत्र्याच्या डबीत कोंडलेलं रसायन. स्वस्तातल्या सेलात ती डबीच जस्ताची असते, आणि वीज देता देता तीच आतून झिजत जाते. झिजून भोक पडलं की चिकट पाणी बाहेर. महागातला, अल्कलाइन म्हणतात तो, जरा दणकट. पण तोही उतरून नुसता पडून राहिला की आत वायू धरतो, त्याचं सील फुटतं, आणि बाहेर आलेलं वाळून पांढरं पीठ होतं. ते पीठ तांबं खातं, पितळ खातं, हाताला लागलं तर कातडीही सोडत नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूचा सेल संपला की माणसाला कळतं, तो बदलतो. कपाटात पडलेल्या वस्तूचं कुणाला काय कळणार?

म्हणून महिनाभर काही लागणार नसेल तर सेल काढायचे, छोट्या पिशवीत घालून रबरानं त्या यंत्रालाच बांधून ठेवायचे. नवा आणि जुना सेल कधी जोडीनं घालायचा नाही. जुना आधी मरतो, नवा त्याच्यातून वीज ढकलत राहतो, आणि तो जुना हमखास फुटतो. माळ्यावर, टीव्हीच्या पाठीमागे, उन्हाच्या खिडकीत ठेवायचं नाही. आणि ज्यातून सेल काढून चालतच नाही, अडीअडचणीलाच लागणारं जे असतं, त्यात लिथियमचे घालायचे, ते सहसा गळत नाहीत. शिवाय आठवड्यातून एकदा ती वस्तू चालवून बघायची. झालं, एवढंच आहे. यात अवघड काय आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पण ऐकतो कोण? कोरोना गेल्यावर ती बोटाला लावायची ऑक्सिजनची यंत्रं माझ्याकडे टोपलीनं आली. एक गृहस्थ ते यंत्र हातात धरून अक्षरशः रडले होते, यानं माझ्या बायकोचा जीव वाचवला म्हणाले. आणि त्याच यंत्राला त्यांनी ड्रॉवरमध्ये सेलासकट कुजवलं होतं. दुसऱ्या एकाला कुणीतरी सांगितलं, सेलाचं पांढरं निघायला व्हिनेगर लावा. बरोबर सांगितलं होतं. अल्कलाइनच्या पिठाला व्हिनेगरच लावायचं, कापसाच्या काडीनं, थेंबभर. यांच्या घरात व्हिनेगर नव्हतं म्हणून यांनी संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. वजनकाटा होता तो. माझ्याकडे आणला तेव्हा त्यात वजनाचं काही राहिलं नव्हतं, नुसताच काटा उरला होता. सलीमभाई म्हणाले, "ताई, याचा दफनविधी करावा लागेल." आम्ही दोघं हसलो आणि गिऱ्हाईक रागावून निघून गेलं.

आमच्या या पट्ट्यात मात्र आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडायची नाही. खंडेनवमी. आमच्या स्वतःच्या घरी ती नसते. दसऱ्याला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो. पण गिऱ्हाइकांच्या घरी मी खूप बघितलीय. इथं घराघरात कुणीतरी मशिनवर काम केलेलं, त्यामुळे नवमीला घरातलं झाडून सगळं बाहेर काढतात. ड्रिल, पाने, व्हर्नियर, आणि त्यांच्या रांगेत बीपीचं यंत्र, टॉर्च, वजनकाटा, पोरांचा पियानोसुद्धा. सगळं पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात. आणि रिकाम्या यंत्राची पूजा करायची नाही, म्हणून सगळ्यात सेल भरतात. सेल कमी पडले तर याचा काढ त्याला घाल, घड्याळातला काढ टॉर्चला घाल. दसरा झाला की सगळं जसंच्या तसं, सेलासकट, कपाटात. शिमग्यानंतर माझ्याकडे रांग लागायची. हळदीचा डाग झाकणावर दिसला की मी न विचारता ओळखायचे.

तात्या असेच नवमीवाले. पुनावळ्याचे जुने गावकरी, आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. जमीन बिल्डरला गेली आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये एका मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले. एकात तात्या आणि त्यांची बायको आक्का, समोरच्यात मुलगा संतोष आणि सून वैशाली. संतोष चाकणला शिफ्टमध्ये जायचा. वैशाली तळवड्याच्या एका आयटी कंपनीचं काम घरून करायची, कानाला हेडफोन लावून. आक्कांना अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली, तेव्हा वैशालीनं एक बिनवायरची घंटी आणली. साबणाच्या वडीएवढं बटण, त्यात दोन पेन्सिल सेल, दोरीनं गळ्यात घालायचं. वाजायची डबी वैशालीच्या हॉलमध्ये.

भिंती जाड म्हणून डबी बटणाचा सिग्नल नीट पकडत नव्हती, ती घेऊन वैशाली माझ्याकडे आली होती. ती अडचण सोडवून दिल्यावर मी तिला म्हटलं, "बटणात लिथियमचे घाल. आणि दर रविवारी आक्कांना एकदा दाबायला सांग."

तिनं शोधून लिथियमचे आणले. रविवारचं मात्र महिना-दोन महिने चाललं, आणि मग आक्काच नको म्हणायला लागल्या. नंतर भेटल्या तेव्हा मलाच सांगत होत्या, "वाजती व ताई चांगली. उगाच कशाला पोरीला उठवायचं? तिची मिटिंग आसती." आता अशा बाईला काय म्हणायचं! घंटी गळ्यात घालून बसलेली, आणि कुणाला त्रास नको म्हणून तिला बोट लावायची नाही.

उन्हाळ्यात एकदा भर दुपारी तात्या दुकानात आले. एकटेच. डोक्याला टोपी, दाढी वाढलेली. पिशवीतून बटण आणि डबी दोन्ही काढून काउंटरवर ठेवली.

"बाई, बंद पडलीया ही. वाजती करून द्या."

बटण उघडलं. एक सेल फुटून त्याचा चिखल झालेला, सेलाला टेकणारी पत्र्याची पट्टी त्यानं खाऊन टाकलेली. दुसरा शाबूत. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, एक नवा आणि एक जुनापुराणा. आणि झाकणाच्या खाचेत हळद.

"तात्या, हे कुणी घातले? वैशालीनं लिथियमचे घातले होते ना?"

"नवमीला बदलले आसतील."

"आणि ते भारीतले कुठे गेले?"

"आता काय ठावं बाई. तुमी करून द्या."

"आक्का बऱ्या आहेत ना?"

"हाय आपली," तात्या म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले.

मी कामाला लागले. पट्टी खरवडली, उरलेला चिकटा पुसून स्पिरिट फिरवलं, खाल्लेल्या पट्टीच्या जागी नवी डाग देऊन बसवली. जुने सेल भंगाराच्या डब्यात टाकले, नवीन घातले. डबी लावून बटण दाबलं, तर दुकानभर आवाज. सलीमभाईंनी डोळ्याचं भिंग काढून वर बघितलं.

तात्यांनी बटण हातात घेऊन खालीवर बघितलं. "किती दिस बंद व्हती, आसं आता हिच्याकडं बघून कळंल का कुणाला?"

"कुणाला कळणार? नव्यासारखी करून दिलीय," मी म्हणाले. हो, ऐटीत म्हणाले. काम चांगलं झालं होतं, का नाही म्हणायचं?

त्यानंतर साधारण महिनाभरानं वैशाली आली. मी तिला पहिल्यांदा ओळखलंच नाही. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. तिनं तीच घंटी समोर ठेवली.

"काकू, एवढं बघून सांगाल? ही मध्ये कधी बंद पडलेली असू शकते का?"

"असू शकते काय, पार गेलेली होती. तात्या नव्हते का घेऊन आले? आक्का कशा आहेत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई गेल्या, काकू."

मग सगळं बोलली. दुपारची वेळ होती, तात्या देवळाच्या कट्ट्यावर गेले होते, संतोष फर्स्ट शिफ्टला. ती समोरच्या फ्लॅटमध्ये मिटिंगमध्ये, हेडफोन लावून. तात्यांनी दार उघडलं तर आक्का पलंग आणि बाथरूमच्या मध्ये पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ गेला होता, लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं. तेराव्याला सगळे पाहुणे जमलेले असताना तिच्या नणंदेनं, मंगलनं, पलंगावरची घंटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत दाबली. वाजली. खणखणीत वाजली. मंगल म्हणाली, "ही बघा, वाजती. माझी आई दाबून दाबून मेली आसंल, आणि ही बाई कानात बोळे घालून बसली व्हती." कुणी एक शब्द बोललं नाही. नवरापण नाही.

"लोकांचं काही नाही काकू," वैशाली म्हणाली, "लोक आठ दिवस बोलतील. पण मलाच कळत नाहीये. वाजली होती का? मी ऐकून विसरले का? झोपेत सारखी घंटी ऐकू येते आणि मी उठून बसते."

आक्का कोणत्या आठवड्यात, कोणत्या वारी गेल्या ते विचारलं. मंगळवारी. तात्या माझ्याकडे आले त्याच आठवड्याच्या गुरुवारी. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मार्केट बंद, म्हणून मला आठवत होतं. म्हणजे बायको जाऊन दोन दिवस झाले होते, आणि हा माणूस "हाय आपली" म्हणून माझ्यासमोर बसला होता.

मी तिला सगळं सांगितलं. फुटलेला सेल, खाल्लेली पट्टी. "अगं, ती वाजूच शकली नसती. कितीही दाबली असती तरी."

तिनं माझा हात धरला आणि मान हलवली. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तात्या म्हणाले, त्यांनी घंटीला हातसुद्धा लावला नाही. तात्या खोटं नाही बोलत हो. आईंसाठी किती रडले ते मी बघितलंय."

"मग मी खोटं बोलते?"

"तुमच्या लक्षात काहीतरी घोळ होत असेल. दुसऱ्या कुणाची असेल."

दाखवायला माझ्याकडे काय होतं? कुजके सेल भंगारवाल्यानं केव्हाच नेले होते. सलीमभाई म्हणाले, मीपण तात्यांना बघितलं. पण तारीखवार कुणाच्या लक्षात राहणार, एवढं ते प्रामाणिकपणे म्हणाले. वैशाली घंटी पिशवीत घालून गेली. माझंच काम माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. वाईट केलं असतं, अर्धवट केलं असतं, तर त्या पोरीचं भलं झालं असतं. आयुष्यभर हाताच्या सफाईची शेखी मिरवली, आणि तिचा उपयोग काय, तर एका म्हाताऱ्याला लपायला जागा!

माझ्या जावेनं मला निक्षून सांगितलं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. मीही गप्प राहिले. कुणाच्या सासू-सुनेच्या भानगडीत पडायची माझी हौस कधीच फिटलीय.

पाऊस सुरू झाल्यावर वैशाली परत आली. सेल हवे होते, घंटीसाठी.

"अगं, मी तर नवे घालून दिले होते. एवढ्यात संपले?"

"दिवसभर वाजते ना काकू. आता तात्यांच्या उशाला असते. पाणी हवं, पंखा बंद कर, चहा आण. ऐकू आली नाही असं नको व्हायला, म्हणून मी हेडफोन लावत नाही."

"मग नोकरी?"

"सोडली."

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. लेथवर काम केलेला माणूस तो. आयटीत एवढी वर्षं मान मोडून काम केलेली पोर आता पंखा बंद करायला हजर! मी सेल दिले, आणि गौरी-गणपती होईपर्यंत स्वतःशीच धुसफुसत राहिले. मग एका दुपारी रिक्षा केली आणि पुनावळ्याला गेले.

तात्यांचं दार उघडंच होतं. पलंगावर बसले होते, शेजारी रेडिओ चालू, उशाशी घंटी. चांगले धडधाकट दिसत होते. मला बघून रेडिओ बारीक केला.

"तात्या, वैशालीला सांगितलंत का?"

"काय?"

"काय ते तुम्हाला माहितीय. मी सोंगं करायला नाही आले."

तात्यांनी रेडिओ बंद केला. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मुठीत व्हती. आंगठा बटणावर. म्या ती मूठ सोडवली आन् दाबून बघितली. वाजली न्हाई. तवाच कळलं मला. मग म्या वैशालीला हाक मारली."

"म्हणजे आधी घंटी बघितलीत आणि मग माणूस?"

"ती गेली व्हती बाई. हात लावल्या लावल्या कळलं."

"सेल तुम्हीच बदलले होते?"

"नवमीला. येवढं भारीचं सेल घंटीत नुस्तं पडून. ती तर कंदी दाबायची न्हाई. म्हनून म्या रेडिओला घातलं, आन् घंटीला घड्याळातला एक आन् एक नवा. पूजा रिकाम्याची कशी करायची?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते खरं होतं, ते मी नाकारत नाही. "म्याच मारली तिला. मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग तेवढंच त्या पोरीला सांगा. जगाला नका सांगू, मंगलला नका सांगू. फक्त तिला. ती रात्र रात्र झोपत नाही."

तात्यांनी डोळे पुसले. आणि मग जे बोलले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तिला वाटतंय तिची चूक झाली, म्हनून ती माझं येवढं करती. पोरगं बघत न्हाई, लेक चार दिस राहून जाती. खरं सांगितलं तर ही तरी माझं करंल का? मंग म्या कुठं जायाचं बाई?"

असला हिशेब! एवढा स्वच्छ हिशेब मी कुठल्या शेटजीचा बघितला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, म्हाताऱ्या माणसाची भीती होती ती. नाही वाटलं. संताप आला नुसता. मी उठले आणि दार न लावता समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

वैशालीनं आत घेतलं, चहा ठेवला. नको नको म्हणत असतानाही सोबत चकली काढली. मी तिला सरळ सांगितलं, तात्या आत्ता काय म्हणाले ते. आधी ती तशीच मान हलवायला लागली, पहिल्या वेळेसारखी. मग मी मुठीचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं.

"मुठीत?" ती म्हणाली. "तात्या तर म्हणाले, घंटी पलंगावर होती, आईंनी दोरी काढून ठेवली होती."

"मुठीत होती. आणि तू आणलेले सेल त्यांच्या रेडिओत आहेत."

"म्हणून," ती म्हणाली. "म्हणून तो रेडिओ संपतच नाही. आधी दर तीन-चार महिन्यांनी सेल मागायचे. नवमीपासून एकदापण मागितले नाहीत. माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

ती रडेल असं मला वाटलं होतं. मी पदरही सावरून बसले होते. पण ती रडली नाही. कप दोन्ही हातांत धरून बसली आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की मलाच जरा भीती वाटली. तिची झोप गेली, नोकरी गेली, तेराव्याला भरल्या घरात नवरा गप्प बसला. यातलं आता काय काय परत येणार होतं?

तेवढ्यात घंटी वाजली.

हॉलमधली ती डबी, मीच ठीक करून दिलेली, भिंतीवर ठणठणीत वाजत होती. समोरचं दार मी उघडंच टाकलं होतं, इकडचंही लावलेलं नव्हतं. तात्यांना तिकडून दिसत असणार, मी इथं बसलेय ते. घंटी थांबली आणि लगेच परत वाजली.

वैशाली रोजच्या सवयीनं अर्धी उठली. मग परत खाली बसली.

"अगं, वाजतेय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो काकू. येतंय मला ऐकू," ती म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

घंटी वाजत राहिली. थांबायची, वाजायची. तिनं सगळा चहा संपवला, कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी खुर्चीत चुळबुळ करत होते. म्हाताऱ्याला खरंच काही झालं असेल तर? शेवटी मला राहवेना. मीच उठले आणि समोर गेले.

तात्या पलंगावर तसेच बसलेले, बटण दोन्ही हातांत घट्ट धरून, अंगठा त्याच्यावर.

"पानी पायजे व्हतं," ते म्हणाले. "वैशाली कुठंय? तिला घंटी ऐकू ग्येली न्हाई का?"

मी माठातून पाणी काढून त्यांच्या हातात दिलं.

"गेली की," मी म्हटलं. "बसलीय ती. सगळं ऐकलंय तिनं."